कोणत्या महिन्याचं माप

रेड हेनच्या रुळावर रोज सकाळी पहिलं पाऊल पडायचं ते वेंडेल कुखारचं. हातात हातोडी, कमरेला पाना. पेनसिल्व्हेनियातल्या त्या लहान गावच्या पार्कमधला हा लाकडी रोलर कोस्टर तो चढणीपासून शेवटच्या वळणापर्यंत पायी फिरून बघे. बोल्टवर हातोडी हलकेच आपटायची आणि कान द्यायचा. घट्ट बोल्टचा आवाज वेगळा, सैलाचा वेगळा. मग दहा वाजता गाडी सुटे, लोक किंचाळू लागत, आणि तो खाली बाकावर बसून शांतपणे सँडविच खाई.

त्याची मुलगी नदीन बारा वर्षांची असल्यापासून सांगे, मी असे कोस्टर आखणार. पुढे ती खरंच इंजिनीअरिंगला गेली. कॉलेजातल्या बहुतेकांना पूल बांधायचे होते, नाहीतर विमानं करायची होती. हिला एवढंच हवं होतं.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी तिनं रेड हेन निवडली. नोव्हेंबरच्या सुट्टीत घरी येऊन, बोटं गारठेपर्यंत तिनं सगळा रूळ मोजला. खाली रंगारी व्हर्जिल उभा होता.

"आली बघा इंजिनीअरीणबाई," तो वेंडेलला म्हणाला. "कोंबडीला आता डिग्री मिळणार."

"तुला नाही मिळाली, तिला तरी मिळू दे," वेंडेल म्हणाला. पण त्याचा चेहरा फुलला होता.

तिसऱ्या वळणावर नदीन थांबली. "बाबा, इथे रूळ फार ढिला आहे. चाकाच्या बाजूला केवढी फट आहे बघ."

"ढिलाई नाही ती. जागा आहे. पाइनचं लाकूड दमटात फुगतं. उन्हाळ्यात मोज."

"फूटपट्टीला ऋतू नसतो, बाबा."

तो हसला आणि पुढच्या बोल्टकडे वळला. आपण दहावीतून शाळा सोडून हातोडी धरलेला माणूस, ही चार वर्षं शिकलेली.

ती फट कमी करणारा तिचा आराखडा पार्कचे मालक शाफर यांना फार आवडला. त्यांनी हिवाळ्यात तिसरं वळण त्याबरहुकूम नवं करून घेतलं. वेंडेलनं स्वतःच्या हातानं फळ्या बसवल्या, अगदी कागदावर होतं तसं, सुताचाही फरक न ठेवता. त्याच आराखड्याच्या जोरावर सिनसिनाटीजवळच्या एका कोस्टर आखणाऱ्या कचेरीनं नदीनला सप्टेंबरपासून घेतलं. पत्र आलं त्या दिवशी वेंडेलनं ते पार्कभर फिरवलं. व्हर्जिलला दोनदा वाचायला लावलं.

जुलैत तीन दिवस पाऊस पडला आणि वर उकाडा. शनिवारी दुपारी तिसऱ्या वळणात रुळानं चाकं आवळली. गाडी हिसका खाऊन पुढच्या खोलगटात अडकली. अठरा माणसं शिडीनं उतरवावी लागली. एका म्हातारीचं मनगट मोडलं.

सरकारी तपासनीस आला. शाफरनी आराखडा टेबलावर पसरला. "हे माप कुणाचं?" तपासनीसानं विचारलं.

"आराखडा बरोबर आहे," वेंडेल म्हणाला. "मीच बसवताना चुकलो."

नदीन दारात उभी होती. तिला बोलायचं होतं. तोंड उघडलंही असेल. पण तिला सप्टेंबर दिसत होता, आणि ती गप्प राहिली.

वेंडेलचं काम गेलं. ऑक्टोबरात रेड हेन पाडायची असं ठरलं.

नदीन सिनसिनाटीला गेली. नऊ दिवस तिनं तिथे काम केलं. दहाव्या दिवशी वरिष्ठांच्या खोलीत जाऊन तिनं सगळं सांगून टाकलं. 

"चुका मीही केल्यात," ते म्हणाले. "चुकीसाठी मी कुणाला काढत नाही. पण तू दोन महिने गप्प होतीस. आपण आखतो त्याच्यात माणसं बसतात, पोरी."

ती घरी परतली तेव्हा वेंडेल ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "मग मी कशाला खोटं बोललो? जन्मात एकदाच बोललो. तेवढंही तुला सांभाळता आलं नाही."

त्या हिवाळ्यात बापलेकीत मीठ दे, दार लाव, एवढंच बोलणं होतं.

पुढे तिला जिल्ह्याच्या रस्ते खात्यात नोकरी लागली, ओढ्यांवरचे लहान लहान पूल तपासायची. दारामागे टांगलेली बापाची हातोडी तिनं एका सकाळी न विचारता उचलली. त्यानं बघितलं. संध्याकाळी विचारलं, "आज कुठला पूल?"

"मिलर्सच्या वळणावरचा."

"वाजतो कसा?"

"दोन बोल्ट सैल होते."

असं अकरा वर्षं चाललं. कोस्टरचा विषय घरात कुणी काढला नाही.

मग वेंडेलला श्वास पुरेनासा झाला आणि त्यानं अंथरूण धरलं. एका दुपारी तो म्हणाला, "खालच्या खणात काय ठेवतेस ते आण."

त्याला ठाऊक आहे हे तिला ठाऊक नव्हतं. तिनं कागद आणून त्याच्या मांडीवर उलगडला. लाकडी कोस्टर होता, रविवारी रविवारी काढलेला, कुठेच बांधला न जाणारा. वेंडेलनं चढणीपासून बोट फिरवायला सुरुवात केली, पूर्वी चालायचा तसंच, सावकाश. तिसऱ्या वळणावर बोट थांबलं.

"लाकूड कोणत्या महिन्यात मोजलंस?"

"ऑगस्टमध्ये. व्हर्जिलच्या कोठारात रेड हेनच्या फळ्या पडल्यात अजून."

त्यानं दम घेतला.

"मग चालेल," म्हणाला, आणि बोट पुढे सरकलं. शेवटच्या वळणापर्यंत पोचलं नाही. त्याला झोप लागली होती. नदीननं कागद तसाच राहू दिला.