प्रभुभोजनाचा घोट

आमच्या घरात पाण्याचा कारभार माझ्या हातात आहे. यांच्या दोन्ही किडन्या बंद पडल्यापासून डॉक्टरांनी दिवसभराचं पाणी ठरवून दिलंय. चहा, आमटी, गोळ्यांवरचा घोट, सगळं त्यातच आलं. सकाळी मी स्टीलच्या तांब्यात तेवढंच पाणी भरते आणि दिवसभर पहारा देते. पण आमचे हे अट्टल चोर! चूळ भरायला म्हणून मोरीत जातात आणि चूळ काही बाहेर पडत नाही. घोडपदेवच्या आमच्या चाळीत शेजारच्या वहिनींकडे जाऊन गुडघ्याला लावायला बर्फ मागतात. गुडघा कोरडाच असतो.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा एवढासा पेला. पहिल्यांदा मी तो घोट यांच्या संध्याकाळच्या चहातून कापला तेव्हा हे असे भडकले!

"अगं, प्रभूचं रक्त ते! ते पण पाण्याच्या हिशोबात धरतेस?"

"किडनीला काय कळतंय कोणाचं ते? धरणार."

तरी चर्चमध्ये भाविक म्हणून नाव माझंच. एक रविवार चुकवत नाही, गीतं तोंडपाठ, महिला मंडळाच्या चहाची किटली कायम माझ्याकडे. हे तरुणपणी उपासनेच्या वेळेला हटकून मैदानावर क्रिकेट खेळत असायचे. आतली गोष्ट मात्र वेगळी होती. यांचं दुखणं निघालं त्या दिवसापासून मी देवाशी अबोला धरला होता. गायचे, डोळे मिटायचे, आमेन अगदी वेळेवर म्हणायचे, पण आतून अवाक्षर नाही. कोणाचं वाकडं न केलेल्या माणसाला असं सुकवत ठेवणाऱ्याशी मी काय म्हणून बोलू? कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, एवढंच.

आणि हे? आठवड्यातून तीनदा दादरला डायलिसिसला जातात, आणि मशीनला जोडलेले असताना देवाशी चक्क गप्पा मारतात. मोठ्याने! "काय रे, आज सुई जरा हळू टोचायला सांगायचीस की!" शेजारच्या खुर्चीवरचे लालबागचे काका कितीतरी दिवस समजत होते, हे फोनवर बोलतायत.

मग महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कुठूनसे एक प्रचारक आणले. सफेद सूट, हातात माईक, आजारी माणसांना हात लावून बरं करतात म्हणे. रविवारी सगळ्या मंडळीसमोर त्यांनी यांचं डोकं असं दाबलं की मान आखडली. "किडनी, चालू हो!" मला आमच्या चाळीचा पाण्याचा पंपच आठवला. "झाली चालू! आता मंगळवारी मशीनवर जायचं नाही. गेलात तर तो अविश्वास! पुढच्या रविवारी इथे उभं राहून साक्ष द्यायची, देवाने काय चमत्कार केला ते सांगायचं." टाळ्यांचा नुसता कडकडाट. हे दमलेल्या आवाजात "आमेन" म्हणाले.

मंगळवारी सकाळी मी पिशवी भरून ठेवली, तर हे खाटेवरून उठेचनात.

"आज नाही जात. कंटाळा आलाय गं मला. त्या माणसाचं खरं निघालं तर बरंच, नाही निघालं तर सुटलो."

हे थट्टेत बोलत नव्हते. माझं डोकंच सटकलं. स्वयंपाकघरात गेले आणि कपबशा आपटत त्या वरच्यावर सगळं काढलं. "ए, ऐकतोयस ना? नाही बरं करायचं तर नको करूस! पण या माणसाला आज उठव. मला हे हवेत, कळलं? चोर तर चोर, आहेत तसे हवेत! आणि त्या सफेद सूटवाल्याला जरा अक्कल दे!" बोलता बोलता रडायलाच लागले.

बाहेरून आवाज आला, "कोणाशी भांडतेस गं?"

"तुमच्या त्या दोस्ताशी!"

खाट कुरकुरली. मग, "काय म्हणाला?"

"म्हणाला, टॅक्सी बोलाव."

हे हसले आणि शर्ट मागितला.

रविवारी अध्यक्षबाईंनी यांच्या हातात माईक दिला. मला वाटलं, आता हे काय दिवे लावतात!

"देवाने आमच्या घरी चमत्कार केला," हे म्हणाले. "हालेलुया!" सगळे ओरडले. "माझ्या किडन्या होत्या तशाच बंद आहेत. मंगळवारी मशीनवर गेलो, परत जाणार." अध्यक्षबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण माझ्या बायकोचा देवाशी अबोला होता. फार दिवसांचा. मंगळवारी सुटला. शिव्या घातल्या त्याला, पण बोलली. माझी एवढीच साक्ष."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी गीतांच्या पुस्तकात तोंड खुपसलं. म्हणजे यांना पहिल्यापासून माहीत होतं तर!

हे शेजारी येऊन बसले. महिन्याचा पहिला रविवार होता. पेले फिरत आमच्या ओळीत आले. यांनी आपला उचलला, ओठांपाशी नेला आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं.

"प्या," मी म्हटलं. "हा नाही धरत."