पाटीवर नसलेलं नाव

"नवऱ्याचं नाव तोंडातून निघत नाही, आणि दगडावर मात्र पाहिजे?" कमिटीचे रावसाहेब माइकसमोरच म्हणाले. मांडवातली माणसं फिदीफिदी हसली.

परळच्या नाक्यावर लढाईत मेलेल्या जवानांचा पुतळा त्या दिवशी उघडला. बंदूकवाला शिपाई, खाली नावांची पाटी. माझ्या सातवीतल्या पोरीनं बोट फिरवत पाटी दोनदा वाचली. "आई, बाबांचं नाव नाहीये." तशीच माइकपाशी गेले, ह्यांचं नाव राहिलंय म्हटलं; "कोणाचं?" विचारलं, तर ते माझ्या तोंडातून निघेना. आमचे हे ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले. ना प्रेत आलं, ना राख. नुसती तार आली. निदान पाटीवर तरी भेटतील म्हणून आले होते.

चूक माझीही होती, खोटं कशाला बोलू? कमिटीचा कारकून नावं लिहायला चाळीत आला होता. आत पाऊल टाकेना, विटाळ होईल ना मेल्याला! गॅलरीतूनच विचारलं, "मयताचं नाव?" मी पदर तोंडाला लावला. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात. माणूस मरून बारा वर्षं झालेली, तरी मी गप्प! धर्म बदलला, देव समुद्रात सोडले, ही खोड तेवढी राहिली. शेजारणीला हाक मारली, तोवर तो जिना उतरून गेलासुद्धा.

"मागे व्हा बाई," रावसाहेब म्हणाले, "गडबड केलीत तर ती गाडी उभीच आहे."

नाक्यावर पोलिसांची लॉरी होती. संयुक्त महाराष्ट्राच्या गोळीबारात आमच्याकडची पोरं मेली, तेव्हापासून ती हललीच नव्हती. जाळीमागून बंदुका दिसत होत्या. आजूबाजूची माणसं हळूहळू सरकली. पोरगी आणि मी, दोघीच उरलो.

भीती वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, स्वतःचीच. आणि मी ओरडले.

"शिपाई तुकाराम भिवा!"

जन्मात पहिल्यांदा. घसा चिरला. परत ओरडले. आता कोणी हसलं नाही. लॉरीतून एक हवालदार उतरला, सावकाश चालत आला, वही काढली.

"नाव काय तुझं?"

"माझं नंतर. आधी ह्यांचं लिहा."

त्यानं काय लिहिलं, ठाऊक नाही. दुसऱ्या दिवसापासून लॉरी आमच्या चाळीखाली उभी असते. राहू दे. गिरणीत जाताना मी रोज पाटीपुढे थांबते आणि ते नाव मोठ्यानं घेते. दिवाळीपर्यंत वाट बघणार. नाही कोरलं, तर छिन्नी घेऊन मीच बसणार आहे, भर दुपारी, सगळ्यांदेखत. पकडायचं तर तिथंच पकडा.