शांतवनच्या भिंतीला मी लावलेला ओळंबा

मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी. लिहायची मला सवय नाही. पण आमच्या चर्चचे पाळकसाहेब गेल्या पावसाळ्यापासून मागे लागले आहेत, मिस्त्री, भिंतीचं ते लिहून काढा, चार लोकांना उपयोग होईल. चौथ्यांदा म्हणाले तेव्हा मी वैतागलो आणि लिहायला बसलो. शुद्धलेखन ज्याला तपासायचं त्याने तपासावं.

ऐंशी सालानंतरचा एक उन्हाळा होता. मी तेव्हा मंडळीचा पंच होतो, आणि खरं सांगायचं तर मंडळीच्या लोकांना मी पार कंटाळलो होतो. उपासना नऊला, तर लोक साडेनऊला येणार. गाणं सुरात नाही. बायका मागच्या बाकावर बसून लोणच्याच्या गोष्टी करणार. या लोकांत माझा विश्वास कसा टिकायचा, असं मी घरी रोज बोलायचो. माझी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही देवळात देवाला बघायला जाता का लोकांना?" मी तिलाही गप्प करायचो.

त्या उन्हाळ्यात देवळाच्या आवारात मुलांच्या शब्बाथशाळेची खोली बांधायला काढली. मजुरी कुणी घ्यायची नाही, सेवा म्हणून करायची, असं ठरलं. रस्त्याकडची भिंत मी घेतली. चिंचेकडची शांतवनकडे गेली. शांतवन माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हात चांगला, पण पूर्वी दारू प्यायचा. आता सोडली असं त्याची बायको सांगायची. मला ते पटत नव्हतं. पिणाऱ्याची भिंत सरळ येईल कशी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि त्याची भिंत मला दुरूनच कललेली दिसायची.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या आधीच्या आठवड्यात पंच बसतात. कुणाबद्दल तक्रार असेल तर ती तिथे मांडायची. तक्रार खरी ठरली, तर त्याने त्या खेपेला भाकर घ्यायला मेजाजवळ यायचं नाही, आणि रविवारी त्याचं नाव सगळ्यांसमोर वाचायचं. मी शांतवनचं नाव मांडलं. म्हटलं, देवाच्या कामात त्याने बेइमानी केली आहे, पिऊन भिंत बांधली आहे. बाकीचे पंच म्हणाले, दाखवा. मी सगळ्यांना आवारात नेलं आणि ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेला लोखंडी गोळा. दोरी एका लाकडी ठोकळ्यातून येते, ठोकळा वर भिंतीला टेकवायचा, भिंत सरळ असेल तर खाली गोळा तिला नुसता शिवतो. शांतवनच्या भिंतीवर गोळा चक्क रेलून राहिला. भिंत मागे कललेली. पंच माना हलवायला लागले.

शांतवन म्हणाला, "मामा, आता तुमच्या भिंतीला लावा."

लावला. गोळा भिंतीला केसासारखा शिवला.

"बघ," मी म्हटलं. "भिंत अशी असते."

 शांतवनची बायको सांजच्याला आमच्या दारात आली. माझ्या बायकोला म्हणाली, "आक्का, सात महिने झाले, त्याने थेंब घेतला नाही. रविवारी सगळ्यांसमोर नाव वाचलं तर तो परत गुत्त्यावर जाईल. मला ठाऊक आहे ना त्याचं." मी आतून ऐकलं आणि बाहेर आलो नाही.

शनिवारी दुपारी मी एकटाच आवारात विटा रचत होतो. फाटकातून एक माणूस आत आला. खांद्यावर पिशवी, पिशवीत गवंड्याची थापी. "जय भीम बाबा, पाणी मिळेल का?" इंदिरानगरकडे बंगल्यांच्या कामाला चाललो आहे, म्हणाला. मी पाणी दिलं. पाणी पिता पिता तो माझ्या भिंतीच्या कोपऱ्याशी एक डोळा मिटून उभा राहिला.

"बाबा, ही कुणी बांधली?"

"का?"

"वरून बाहेर आलीय. ती तिकडची बरी आहे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, पाणी प्यायलास, आता नीघ. तो हसला. त्याने आपला ओळंबा काढून लावला. माझ्या भिंतीपासून गोळा खाली बोटभर सुटा राहिला. शांतवनच्या भिंतीला नुसता शिवला. मग त्याने माझा ठोकळा हातात घेतला, गोळ्याशेजारी धरला आणि माझ्यापुढे केला. वीस वर्षं मी ठोकळ्याची तीच कड भिंतीला टेकवत आलो होतो. ठोकळा आणि गोळा सारख्या रुंदीचे हवेत, पण घासून घासून ती कड दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी झाली होती. प्रत्येक टप्प्याला दोन सूत, असे तीन टप्पे, मिळून बोटभर. ज्या ठोकळ्याने मी भिंत बांधली त्याच ठोकळ्याने ती तपासली, मग ती सरळच दिसणार.

"होतं असं," तो म्हणाला. "स्वतःचं हत्यार कोण तपासतो?" आणि पिशवी उचलून गेला.

मला तेव्हा देवाची कृपा वगैरे काही वाटलं नाही. मला त्या माणसाचा राग आला, शांतवनचा आला, देवाचाही आला. शनिवारीच कशाला पाठवायचा? सोमवारी पाठवला असता तर नाव वाचून झालं असतं, मला काही करावं लागलं नसतं. हे मनात आलं आणि मी विटांच्या ढिगावर बसलो. कारण ते वाईट होतं, आणि ते माझंच होतं. शांतवनने दारू सोडली होती. मी काहीच सोडलं नव्हतं.

रविवारी पाळकसाहेबांनी कागद उघडला तेव्हा मी उठलो. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, "ते नाव वाचू नका. भिंत माझी वाकडी आहे. शांतवन प्यायला नव्हता, मी खोटं बोललो. आज मेजाजवळ मी येत नाही." मागच्या बाकावरच्या बायका पहिल्यांदा गप्प झाल्या. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो. थोड्या वेळाने शांतवन आला.

"मामा, आत चला. पाळकसाहेब थांबलेत. पोरं भुकेली झालीत, मंडळी तुमच्या नावाने खडे फोडतेय."

"तू जा. माझी लायकी नाही."

"लायकी बघितली असती तर मी तरी आत असतो का? आता इथे पण तुमचाच हट्ट का?"

मी उठलो. त्याच्या शेजारी गुडघे टेकले. भाकर हातात घेतली, एवढंच आठवतं.

त्या माणसाला शोधायला मी इंदिरानगरला तीन खेपा घातल्या. कुणाला माहीत नव्हता. मी त्याला नाव विचारलं नव्हतं, बसा म्हटलं नव्हतं. देवाने त्याला पाठवला का, हे मी सांगणार नाही, मला तेवढं कळत नाही. आला, एवढं खरं. उपकार मानायला आता देवच उरला आहे, तर त्याचेच मानतो.

माणसांचा वैताग मला अजून येतो. लोक अजून साडेनऊलाच येतात. पण तोंड उघडायच्या आधी मी देवाला म्हणतो, आधी मला ओळंबा लावून बघ. बहुतेक वेळा मग बोलायचं राहूनच जातं.

त्या सोमवारी माझी भिंत उतरवली. नवी शांतवनने बांधायला घेतली. पहिला थर लावून तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मामा, माल आणा." माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट, आणणं हे बिगाऱ्याचं काम; गवंडीकामाच्या तीस वर्षांत मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मी घमेलं उचललं.