न टाकलेलं शिसं

काशीराम कुबल समुद्राची खोली मोजायचा. घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावरच्या चाळीत, शेजारी विचारत, "मामा, म्हणजे नेमकं काय करता?" तो म्हणे, "पाणी मोजतो." यावर लोक हसत. काही वर्षांनी त्यानं सांगायचंच सोडून दिलं.

काम असं होतं. एका सर्वे कंपनीच्या लाँचवर पुढच्या टोकाला उभं राहायचं. दोरीला बांधलेला शिशाचा गोळा गरगर फिरवून पुढे फेकायचा. तो तळाला टेकला आणि लाँच बरोबर त्याच्यावर आली की दोरी ताणून खोली ओरडायची. माणसानं दोन्ही हात पसरले की होते तेवढी लांबी म्हणजे एक वाव. दोरीला दर वावावर चामड्याच्या नि कापडाच्या खुणा असत. गोळ्याच्या बुडाला खळगा, त्यात चरबी भरलेली. तळाशी जे असेल ते तिला चिकटून वर येई. "साडेचार वाव, चिखल!" असं काशीराम ओरडला की मागे बसलेला साहेब वहीत आकडा टाकी. दिवसाला पाचशे फेकी. संध्याकाळी घरी आल्यावर पाण्याचा तांब्या उचलायलाही उजवा हात तयार नसे.

कुबलांचं मूळ घर देवगडजवळचं. आजा तांडेल होता, म्हणजे गलबतावरचा मुख्य. कौलं, आंबे, सुकी मासळी घेऊन त्याचा शिडाचा पडाव किनाऱ्याकिनाऱ्यानं भाऊच्या धक्क्याला येई. बापानं समुद्र सोडून गिरणी धरली. काशीरामनंही दोन वर्षं गिरणीत बदलीचं काम केलं, पण कापसाच्या धुळीनं छाती भरली, खोकल्यातून रक्त आलं आणि डॉक्टरनं मोकळी हवा सांगितली. पंचावन्न साली तो लाँचवर चढला, तो तीस वर्षं तिथंच राहिला.

ट्रॉम्बेपासून पलीकडे उरण-करंजापर्यंत पसरलेलं ते पाणी नावाला खाडी, पण तोंडाशी तीन कोस रुंद. गलबतं, पडाव, आगबोटी यांची शेकडो वर्षांची वाट. वर एकसारखं मळकट दिसे, तळ मात्र जागोजाग निराळा. घारापुरीच्या मागे लोण्यासारखा काळा गाळ, करंजाकडे रेती आणि शिंपल्यांचा चुरा, मधेच कुठे खडक. खडकाला शिसं लागलं की दोरीतून तळहाताला टणका बसे, आणि चरबी कोरडीच वर येई. भरती कधी पुरी होणार हे तो तिथीच्या पाऊणपटीनं सांगे, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. एकोणऐंशी साली लाँचवर आवाजाच्या लहरींनी खोली मोजणारं यंत्र बसलं. मग त्याचं शिसं फक्त कुठे शंका आली तरच बाहेर निघे. उरलेला वेळ तो दोर गुंडाळी, डेक धुई, चहा करी. त्याचं त्याला वाईट वाटलं नाही. खांद्याला आराम मिळाला, एवढंच.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत पलीकडच्या किनाऱ्यावर नव्या बंदराची भर टाकायचं काम चालू होतं. इकडून खडीचे बार्ज जात. त्यातला एक बार्ज एका सकाळी ओहोटीला तळाशी फाटला आणि बुडाला. काशीरामची लाँच जवळच होती. त्यांनी चौघांना पाण्यातून वर घेतलं. मेलं कुणी नाही, पण एका खलाशाचा पाय दोराच्या फासात सापडून गुडघ्याखाली चिरडला होता. बार्जचा तांडेल होता शिवदास नाखवा, चाळिशीतला, उरणकडचा. तो डेकवर कुडकुडत बसला होता आणि एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होता, "मी रस्ता सोडला नाय. घारापुरीचं मोठं टेकाड आनि ट्रॉम्बेच्या डोंगराचा खांदा एका रेघेत धरला होता. मी रस्ता सोडला नाय."

काशीरामनं त्याच्या हातात चहाचा पेला दिला आणि स्वतः मागे जाऊन इंजिनाच्या खोलीपाशी बसला. ती रेघ त्याला ठाऊक होती.

बहात्तर सालच्या डिसेंबरात त्यांनी त्याच रेघेवर पाणी मोजलं होतं. तेव्हा त्याची वनमाला चार वर्षांची होती आणि घटसर्पानं इस्पितळात पडली होती. बायको शेवंती सातव्या महिन्यात. म्हणून तीन रात्री काशीराम इस्पितळाच्या व्हरांड्यात जागा होता आणि तिन्ही दिवस लाँचवर उभा होता. तिसऱ्या दुपारी हात वर उचलेना. आधीच्या वीस फेकींत साडेचार वाव, चिखल, साडेचार वाव, चिखल, एवढंच येत होतं. मग त्यानं शिसं हातातच धरून ठेवलं आणि नुसतं ओरडला. चार वेळा. पाचव्या वेळेला लाज वाटून पुन्हा फेकलं, तर साडेचार वाव, चिखलच आला. त्याला हायसं वाटलं. वनमाला वाचली. त्या चार फेकी तो विसरूनही गेला होता.

चौकशी बसली. नकाशात त्या जागी साडेचार वाव पाणी होतं, तेव्हा बार्ज तिथं फाटणं शक्य नव्हतं. तांडेल रस्ता चुकून उथळावर गेला, बार्ज तिथं फाटला आणि पाण्याच्या ओढीनं खाली वाहत येऊन बुडाला, असं ठरलं. शिवदासचं तांडेलकीचं सर्टिफिकेट काढून घेतलं. तो प्यायला होता अशीही बोलवा उठली.

काशीराम महिनाभर गप्प राहिला. जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबे. शेवंती एक दिवस म्हणाली, "काय झालां तुमका? ताटाकडे बघूनच पोट भरता काय?"

"काय नाय गो. दमलंय."

"दमाक आता काय काम आसा तुमका? शिसां तर यंत्र टाकता."

त्यानं तिला सगळं सांगितलं. शेवंती हात धुऊन समोर येऊन बसली. मग म्हणाली, "तेव्हा तुमी घरी रवाक व्हया होता. रजा मागलीत?"

"मागलंय. मिळाक नाय."

"मगे ह्यां सांगा त्यांका. पण सांगा. असा बसान रवलात तर माका तुमच्याकडे बघवणा नाय."

त्या दिवसांत खाडीत एका तराफ्यावर बोअरिंग चालू होतं. तळाशी नळ्या ठोकून खालची माती वर काढायची, म्हणजे बंदराचे खांब कशावर उभे राहणार ते कळे. काशीरामला तिथं मदतीला दिलं होतं. भूगर्भ तपासणाऱ्या उत्तरा मॅडम मुलुंडच्या, तिशीच्या आत-बाहेर. त्या त्याला मामा म्हणत. एके दिवशी चिखलाच्या पाच-सहा वाव खालून नळीत लाकडाचा तुकडा आला. काळा, जड, चाकूनं तासला तर आतून लालसर.

"खैर दिसतोय," काशीराम म्हणाला. "बोटीचा?"

"नाही मामा, झाडाचाच. इथं रान होतं. तिकडे जुनी गोदी खोदताना शंभर वर्षांपूर्वी असे बुंधे सापडले होते, उभेच्या उभे. जमीन खचली, समुद्र आत आला, वर गाळ बसत गेला. आपण आत्ता एका दरीवर तरंगतोय. ट्रॉम्बेचा डोंगर, घारापुरी, हे सगळे तिचे उंचवटे. तोच काळा कातळ पाण्याखालून इकडून तिकडे गेलाय."

"आणि मधेच कुठे वर आला असेल तर?"

"येऊ शकतो. सुळका असला तर आजूबाजूला सगळा गाळ आणि मधे खडक."

काशीरामनं लाकूड खाली ठेवलं. "मॅडम, मला एक सांगायचं आहे," म्हणाला आणि तिथंच, हात चिखलानं भरलेले असताना, सांगून मोकळा झाला.

उत्तराबाईंनी त्याला धीर दिला नाही की रागावल्याही नाहीत. त्यांनी नकाशा काढला, ती रेघ बघितली, आणि विचारलं, "मामा, ओहोटीला पाणी सगळ्यात खाली कधी जाईल?"

"अमावास्येला. चार दिवसांनी. संध्याकाळी सहाच्या आसपास."

चार दिवसांनी दोघं लाँचवाल्याला घेऊन गेले. यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलं होतं, म्हणून काशीरामनं जुनं शिसं काढलं. पंचावन्नाव्या वर्षी त्यानं पुन्हा तो गोळा फिरवला. घारापुरीचं टेकाड आणि डोंगराचा खांदा एका रेघेत आले. साडेतीन वाव, चिखल. साडेतीन वाव, चिखल. ओहोटीमुळे वावभर कमी, बाकी तेच. खांद्यातून कळ मस्तकात गेली. दहाव्या-बाराव्या फेकीला दोरी मधेच सैल पडली आणि हाताला टणका बसला. पाऊण वाव. त्यानं गोळा वर ओढला. चरबीला चिखल नव्हता, पण तिच्यात काळ्या दगडाची एक कपची रुतली होती आणि बार्जचा तांबडा रंग लागला होता.

तो ओरडला नाही. नुसता मॅडमकडे वळून गोळा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ते कंपनीत नंदकुमार साहेबांकडे गेले. साहेब आता सर्वेचे प्रमुख होते. बहात्तर साली लाँचवर वही घेऊन बसणारे तेच. उत्तराबाईंनी कपची टेबलावर ठेवली. काशीराम उभ्यानं बोलला. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि मॅडमना जरा बाहेर थांबायला सांगितलं.

दार लागल्यावर ते म्हणाले, "काशीराम, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे, साहेब?"

"तू शिसं टाकलं नाहीस ते. दोरी पाण्यात गेलीच नाही, मी बघत होतो. अंधार व्हायच्या आत पट्टा संपवायचा होता. मी लिहून टाकलं."

काशीरामला बसावंसं वाटलं. खुर्ची होती, पण साहेबांसमोर तो कधी बसला नव्हता. शेवटी तो बसला.

"मग तेव्हा मला हाक का नाय मारलीत?"

"तुझ्या तोंडाकडे बघून." साहेब चष्मा पुसू लागले. "आणि मलाही घरी जायचं होतं. हे बघ, खडक सापडलाय, तो नकाशात घालू. जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? नोकरीची तुझी तीन वर्षं उरलीत, माझी पाच."

"त्या तांडेलाची?"

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

काशीरामनं बाहेर येऊन मॅडमना लिहून घ्यायला सांगितलं. त्याला लिहिता येत होतं, पण कालच्या फेकींनी उजवा खांदा धरला होता. त्यानं आपल्या चार फेकींचं सांगितलं, पोर आजारी होती ते सांगितलं, तारीख सांगितली. साहेबांचं नाव घेतलं नाही. मॅडमनी विचारलं, "वहीत लिहीत कोण होतं, मामा?" तो म्हणाला, "वहीवर सही असेल. ज्याला बघायचं तो बघेल." खाली त्यानं आपली सही केली.

पुढे सगळं फार हळू झालं. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला. काशीरामला दोनदा बोलावून तेच प्रश्न विचारले. कोणी शिक्षा केली नाही. 'प्रकृतीच्या कारणास्तव' त्याला पावसाळ्याआधी घरी बसवलं, एवढंच. नंदकुमार साहेबांनी वहीवरच्या सहीबद्दल काय उत्तर दिलं ते त्याला कधी कळलं नाही. ते होते त्या खुर्चीवर राहिले. शिवदासचं सर्टिफिकेट ऑक्टोबरात परत मिळालं.

दिवाळीनंतर काशीराम लाँचनं उरणला गेला. शिवदास घराच्या ओट्यावर जाळं विणत बसला होता. काशीरामनं आपण कोण ते सांगितलं. शिवदासनं त्याला चटई टाकली, आतून पाणी मागवलं.

"तूच तो," तो म्हणाला. "कागदावर नाव वाचलं होतं."

"होय. माफी मागायला इलो... आलो."

शिवदास जाळ्याची गाठ मारत राहिला. "नऊ महिने गावात लोक माझ्या तोंडाचा वास घेत व्हते. पोरीचं लग्न मोडलं. तू आत्ता आलास, त्याचं काय करू मी?"

काशीरामनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तो म्हणाला, "बार्जवर परत नाही गेलास?"

"नाय. रेघेत टेकाड दिसलं का पाय कापतान. रस्ता बरोबर व्हता तरी कापतान." मग त्यानं विचारलं, "तेव्हा पोर आजारी व्हती ना तुझी? कागदात व्हतं. वाचली?"

"वाचली. बारावीला आहे."

"बरं झालं," शिवदास म्हणाला. त्यानं ते मनापासून म्हटलं की नुसतं म्हणायचं म्हणून, ते काशीरामला ओळखता आलं नाही. ऊन चढेपर्यंत दोघं बसले. शिवदासनं जेवायला थांब म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. परतीच्या लाँचची वेळ झाली तशी काशीराम उठला. शिवदास धक्क्यापर्यंत आला नाही, पण आडवाट दाखवायला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आला.

भटवाडीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. टेकडीच्या पायऱ्या चढताना तो तीनदा थांबला. शेवंतीनं दारातच विचारलं, "काय म्हणालो तो?"

"काय म्हणतलो? पाणी दिल्यान."

तिनं त्याच्या उजव्या खांद्याला तेल लावून दिलं. वनमाला आतल्या खोलीत मोठ्यानं पाठ करत बसली होती, धाकटं पोर अजून बाहेर खेळत होतं. काशीराम भिंतीला टेकला आणि तेल अंगात जिरायच्या आधीच बसल्या जागी झोपून गेला.