एक जूनची बबिता

आमच्या पूर्णेतल्या गल्लीत एक जूनला अकरा जणांचा वाढदिवस असतो. त्यात मी आहे आणि समोरची बबिता आहे. आईबापांनी काही ठरवून केलेलं नाही, हे सगळं व्यंकटराव गुरुजींच्या पेनाचं बाळंतपण. चुडाव्याकडच्या आमच्या वाडीत पोरगं शाळेत आलं की गुरुजी त्याचं तोंड बघायचे, अंदाजानं साल धरायचे आणि दाखलखारीज रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. आता वाडी सोडून आलेल्या आमच्यासारखे गुरुजीही म्हातारपणी इथंच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. दरवर्षी त्या दिवशी मी दारातूनच म्हणते, "सिस्टर, हॅप्पी बर्थडे." ती म्हणते, "तुमाला बी, आक्का. बुढ्या व्हायलाव तुमी."

बबिता धनगराची. बाप मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर. तरी पोरगी शिकली, नर्सिंगचा कोर्स केला, कौन्सिलची नोंदणी केली. लग्नानंतर चौथ्या वर्षी नवऱ्यानं पुण्यात दुसरं घर केलं. हे मी सांगितलं नसतं तरी तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असतं. तेव्हापासून ती आणि तिची आई कासाबाई, दोघीच. एकवीस वर्षं एकाच खासगी दवाखान्यात आहे. तान्ह्या लेकराची शीर सापडेना की डॉक्टर म्हणतात, "बबिताला बोलवा." पण डॉक्टर थकले. दिवाळीनंतर दवाखाना बंद, असं त्यांनी सांगून टाकलं.

अशात सरकारी परिचारिकांची भरती निघाली, लय वर्षांनी. वयाची अट त्रेचाळीस, एक जुलैपर्यंत मोजायची. शाळेच्या कागदावर बबिता त्या दिवशी त्रेचाळीस वर्षं एक महिन्याची होत होती.

"झूट हाय ते," कासाबाई म्हणाली. "पोळ्याच्या करीला, दुसऱ्याच दिवशी झाली ही. बैलांच्या शिंगांचा रंग बी वाळला नव्हता."

आधारच्या कॅम्पात कासाबाईनं हेच सांगितलं होतं, म्हणून आधारवर आठ सप्टेंबर त्र्याऐंशी आहे. म्हणजे खरी बबिता एक्केचाळीसची आणि अटीत बसणारी. शाळेतली बबिता सव्वा वर्षानं मोठी.

आम्ही दोघी स्टेशन रोडवर मुकुलच्या दुकानात फॉर्म भरायला गेलो. तो म्हणाला, "काकू, इथं दहावीच्या सनदेप्रमाणे तारीख टाका म्हणायलेत."

"ती टाकली तर?"

"फॉर्म पुढं सरकत न्हाई. बघितलं की मी."

"मग आधारची टाक. बघणारा बघंल," मी म्हटलं.

मुकुलनं बबिताकडं बघितलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "टाक," ती म्हणाली. फॉर्म गेला. बाहेर आल्यावर म्हणाली, "आक्का, हे पकडलं जाणार. मला म्हाईत हाय."

"मग कशाला भरलास गं?"

"न भरता बी दवाखाना बंदच होणार हाय."

चार महिने तिनं दुपारची झोप सोडली. परीक्षा नांदेडला. मीही गेले, कारण घरी बसून मला सगळं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं असतं. दारात बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र सगळं काढायला लावलं. मी म्हटलं, "मंगळसूत्र तर कधीच काढायला पाहिजे होतंस." ती पहिल्यांदा हसली.

दोन तासांनी बाहेर आली. "एक प्रश्न शिरीचा होता," म्हणाली. "खाली चार उत्तरं. त्याच्यापरीस एक पेशंट दिला असता तर बरं झालं असतं."

दोनशेपैकी एकशे अठ्ठावन्न पडले. यादीत नाव आलं. कासाबाई वाटी-वाटी साखर घेऊन गल्लीभर फिरली. बबिता मात्र त्याच दुपारी गुरुजींकडं गेली. रोज सकाळी तीच त्यांना इन्सुलिन देते. त्यांचा हात थरथरतो.

"गुरुजी, मला एक वर्ष जास्तीचं का लिहिलं?"

 गुरुजी आठवत म्हणाले, "तुझा बाप मेंढरं घेऊन निघाला होता. शाळेत नाव लागलं तर पोरीला मामीकडं ठेवतो म्हणाला. तू पाचाची बी नव्हतीस. सहाची लिहिली नसती तर घेता आलं नसतं. आणि बाप फिरून यायची वाट बघितली असती तर तू मेंढरामागंच राहिली असतीस."

 मग गुरुजींनी अख्खी दुपार घालून, थांबत थांबत, हे सगळं एका कागदावर लिहून दिलं आणि सही केली.

कागद तपासायच्या दिवशी टेबलावरच्या साहेबांनी सनद आणि आधार शेजारी शेजारी ठेवले. "ताई, तुमचे वाढदिवस दोन आहेत."

बबितानं गुरुजींचा कागद पुढं केला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, हे खरं सांगते. "अक्षर चांगलंय गुरुजींचं," म्हणून परत दिला. "पण चालतं ते दहावीचंच. शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यायला पाहिजे होतं."

"तेव्हा मी सहा वर्षांची होते, साहेब."

"पाचाची बी नव्हती," मी म्हटलं.

साहेबांनी यादीतल्या नावावर आडवी रेघ मारली आणि पुढचा नंबर पुकारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुरुजींकडं निघाली तशी मीही मागं गेले. गुरुजींना सांगावं, तुमच्या पेनानं काय केलं ते, असं माझ्या मनात होतं. खोटं कशाला बोलू.

गुरुजी खाटेवर बसून सदरा वर करत होते. "झालं का गं काम?"

"झालं, गुरुजी."

मी तोंड उघडलं. बबितानं माझ्या पायावर पाय दिला, चांगला दाबून.

"मग या एक जूनला पेढे पाहिजेत," गुरुजी म्हणाले.

"आणते," ती म्हणाली. "हलू नका, सुई टोचायलेय."