पाणी काळं झालंच नाही

माझा साडू मिक्सर, ड्रिल मशीन, केस वाळवायचे ड्रायर असली यंत्रं दुरुस्त करायचा. त्यातल्या निम्म्या यंत्रांना एकच आजार असतो, आतले कार्बन झिजलेले असतात. गिऱ्हाइकाने दुकानाच्या दारात मिक्सर ठेवला की हा उठायच्या आधीच सांगायचा, "कार्बन गेलेत." त्यामुळे सगळी गल्ली त्याला कार्बन म्हणायची आणि पुढे त्याची बायकोही म्हणायला लागली. माझ्या लग्नात आमची ओळख झाली तेव्हा मला बाजूला घेऊन तो म्हणाला, "साडू म्हणजे कोण, ठाऊक आहे का? एकाच दुकानात फसलेली दोन गिऱ्हाइकं." मी हसलो नाही, कारण सासरे मागेच उभे होते. ते मात्र हसले.

बरीच वर्षं आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो. अरे-तुरेवर आलो ते रिमोटच्या गाड्यांमुळे. कोणा गिऱ्हाइकाने अशी एक गाडी दुरुस्तीला टाकली आणि ते परत फिरकलंच नाही. हातभर लांबीची, रबरी चाकांची, बॅटरीवर धावणारी गाडी होती. कार्बनने ती उघडली तर आत त्याच्या ओळखीचीच मोटर निघाली, मिक्सरमध्ये असते तसलीच, फक्त अंड्याएवढी. "अरे, ही तर आपल्या नात्यातली निघाली," तो म्हणाला. मग त्याने स्वतःसाठी नवी गाडी घेतली आणि काही महिन्यांनी मलाही घ्यायला लावली. मला यातलं फार कळत नाही, आजही कळत नाही. तो बोलवायचा, मी जायचो.

बंद पडलेल्या एका छापखान्याच्या मागे सिमेंटचं आवार आहे. तिथे कडेने फळ्या लावून वळणांचा रस्ता केलेला आहे आणि एका बाजूला लोखंडी पायऱ्यांचं उंच मचाण आहे. हातात रिमोट घेऊन सगळे त्या मचाणावर उभे राहतात आणि खाली गाड्या धावतात. माझी बायको एकदा बघायला आली होती. घरी जाताना म्हणाली, "उंटावरून शेळ्या हाकणं ऐकलं होतं. आज डोळ्यांनी पाहिलं."

कार्बनच्या डोळ्यांचं लक्षात आलं ते त्याची बायको गेल्यानंतर. कडेला ठेवलेला कप त्याच्या हाताने पडायचा. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेली ती नजर परत येत नाही, आहे ती किती टिकेल ते बघायचं, असं त्यांचं म्हणणं. समोरचं त्याला दिसायचं, आजूबाजूचं नाही. "नळीतून बघतोय जगाकडे," तो म्हणायचा. वायरी जोडायच्या गरम डागणीने हात दोनदा भाजल्यावर मुलाने दुकान बंद करायला लावलं. मुलगा कामासाठी सतत बाहेरगावी असतो. घरात हा आणि सून. उरलं काय, तर रविवार. गाडी चालवता येते तोवर आपण अजून काहीतरी चालवतो आहोत, एवढंच त्याला धरून होतं. एकदा मला म्हणाला, "ही हातातून गेली की मला टेबलाजवळच्या खुर्चीत बसवून ठेव. आणि रोज पुसत जा."

आता कोणी विचारेल, नळीतून बघणारा माणूस धावती गाडी कशी चालवायचा? कानांनी. गाडी नळीबाहेर गेली की तो तिच्या आवाजावरून तिला परत गाठायचा.

हे कळायला मोटरीचं थोडं सांगायला हवं, चुकलं तर सांभाळून घ्या. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बनचे दोन छोटे तुकडे स्प्रिंगच्या जोरावर फिरत्या तांब्याला घासत राहतात. त्यांच्यातून वीज आत जाते. घासलं की झिजतं. कार्बन बदलायचे, तांबं साफ करायचं, स्प्रिंग सैल पडली का बघायचं. ही कटकट आहेच. पण प्रत्येक मोटर आपापल्या परीने झिजते, त्यामुळे प्रत्येकीचा आवाज वेगळा. माझ्या मोटरीला सर्दी झाल्यासारखी खरखर होती. कार्बनची मोटर बारीक शीळ घालायची. दहा गाड्यांत त्याला ती ओळखू यायची. नव्या मोटरींना ब्रशलेस म्हणतात. त्यांत कार्बनच नाहीत, काही घासत नाही, वीज आळीपाळीने तीन वायरींतून जाते आणि आतलं चुंबक फिरतं. जोर जास्त, बॅटरी जास्त वेळ पुरते, देखभाल जवळपास नाही. नवा माणूस असेल तर त्याने तीच घ्यावी, असं मीही सांगेन. कार्बनही सांगायचा. "ती चांगलीच आहे रे. वाईट असती तर मला एवढी भीती वाटली नसती."

कारण त्या सगळ्या एका सुरात गातात.

आवारातला नियम असा, की कुठल्याही प्रकारच्या रेसला किमान तीन गाड्या हव्यात. जुन्या मोटरींच्या रेसमध्ये आम्ही तिघेच उरलो होतो. कार्बन, मी आणि एक सलूनवाला. हा सलूनवाला आमच्याहून बराच लहान, तोंडाने फटकळ, पण कार्बनवर त्याचा जीव होता. एका रविवारी त्याने आपली गाडी आमच्यासमोर उलटी धरली.

"बघा भाऊ. तीन वायरी. आत घासायला काहीच नाही. सुंठेवाचून खोकला गेला."

"मग आता रविवारी सकाळी काय करणार तू?" कार्बनने विचारलं. "बायकोला मदत?"

"झोपणार. आठवडाभर लोकांच्या दाढ्या घासतोच आहे की."

"आणि आमची रेस?"

सलूनवाल्याने गाडी सरळ केली. "भाऊ, किती दिवस तेच? जग कुठल्या कुठे गेलं."

"जग जाऊ दे. मला माझी गाडी कुठे गेली ते कळलं पाहिजे."

सलूनवाल्याने गाडी पिशवीत टाकली. त्याला डोळ्यांचं माहीत होतं. पण किती, ते कोणालाच माहीत नव्हतं.

घरी परतताना मी म्हणालो, "रेस नसली म्हणून काय झालं? आपण दोघे फिरवू."

"दोघे फिरवायचं म्हणजे फिरायला जाणंच ते. तू मला धरून चालायचं, मी म्हणायचं, हवा छान आहे."

"मग ब्रशलेस घेऊन बघ."

त्याने गाडीची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "घेतली तर ऐकू येणार नाही. नाही घेतली तर चालवता येणार नाही. तूच सांग, कुठला पाय आधी तोडू?"

मी म्हणालो, "खड्डा आहे, डावीकडून ये." मला वेळेवर कधीच सुचत नाही.

निवड शेवटी सुनेनेच केली. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, गाड्यांतलं तिला काही कळत नाही. तिने सलूनवाल्याला गाठून विचारलं आणि तो सांगेल ती मोटर घेऊन आली. "बाबा, आता कारणं सांगायची नाहीत. रविवारी मीही येणार बघायला." कार्बनने खोका दोन्ही हातांनी घेतला, वास घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आंधळा मागतो एक डोळा, सून देते तीन वायरी." सून हसली. मग तोही हसला. त्या दिवशी मला वाटलं, जमेलही.

शनिवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. सून कामावर होती. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवी मोटर नॅपकिनवर उताणी ठेवलेली. शेजारी गाडी, आणि खिडकीत पाण्याचा ग्लास.

ग्लास बघितला आणि मी दारातच थांबलो. जुन्या मोटरीचे नवे कार्बन चौकोनी असतात आणि तांबं गोल. दोन्ही नीट टेकेपर्यंत मोटर जोर धरत नाही. त्यावर या लोकांचा जुना उपाय म्हणजे मोटर पाण्यात बुडवून हळूहळू चालवायची. कार्बन घासून बसतात, पाणी शाईसारखं काळं होतं. काळं झालं की काढायची, वाळवायची, तेल द्यायचं. कार्बन याला आंघोळ म्हणायचा. आंघोळ न घालता त्याने एकही मोटर कधी गाडीत बसवली नव्हती.

"पाणी बघ," तो म्हणाला.

पाणी स्वच्छ होतं.

"काळंच होईना रे. म्हटलं, कार्बन कडक टाकलेत. अजून थोडी चालवली. तरी नाही. म्हटलं, मलाच दिसत नसेल." त्याने ग्लास उचलून उजेडाला धरला, आधी एका डोळ्यासमोर, मग दुसऱ्या. "मग हे पाणी ओतलं, दुसरं घेतलं, परत चालवली."

मी ओट्याला टेकलो.

"काळं व्हायला आत कार्बन आहेत कुठे?" तो म्हणाला. "तीन वायरी मीच जोडल्या. या माझ्या हातांनी. तेव्हाही कळलं नाही. ग्लास दुसऱ्यांदा भरला तेव्हाही नाही."

"वाळेल," मी म्हणालो.

"मोटर वाळेल रे."

त्याने ग्लासातलं पाणी मोरीत ओतलं, ग्लास विसळला आणि पालथा ठेवला. मग म्हणाला, "तिला सांगू नकोस. हौसेने आणली आहे तिने."

या मोटरीत एक नाजूक पट्टी असते. आतलं चुंबक फिरताना नेमकं कुठे आहे ते ती गाडीला सांगते. पाणी तिच्यापर्यंत गेलं असणार. संध्याकाळी आम्ही गाडी खोलीत चालवून पाहिली. एकदा अडखळली, मग पळाली. तिला काही आवाजच नव्हता म्हणावा असा. "चालते आहे," कार्बन म्हणाला. त्याचा चेहरा मला बघवला नाही, म्हणून मी चाकांकडे बघत बसलो.

रविवारी तो मचाणावर सलूनवाल्याच्या शेजारी उभा राहिला आणि सून त्याच्या मागे. माझी जुनी गाडी ब्रशलेसच्या रेसमध्ये चालणार नव्हती. मी खाली पहिल्या वळणावर उभा राहिलो, उलटलेल्या गाड्या सरळ करायला.

भोंगा वाजला. गाड्या सुटल्या आणि सगळं आवार एकाच आवाजाने भरलं, डासांचा थवा कानाशी यावा तसं. कार्बनची गाडी जागेवर थरथरली, थोडी पुढे आली, माझ्या समोरच्या फळीला टेकली आणि थांबली. मी तिला हाताने ढकललं. पुन्हा थरथरली. पुन्हा थांबली.

मी वर पाहिलं. कार्बनने डोळे बारीक केले होते आणि मान जरा पुढे काढली होती, नेहमीसारखी. त्याचा हात रिमोटचं चाक फिरवत होता. डावीकडे, सरळ, मग हलकेच उजवीकडे. मी रस्त्यावर बघितलं. सलूनवाल्याची गाडी अगदी तशीच वळत होती. डावीकडे, सरळ, उजवीकडे. कार्बन तिलाच चालवत होता. ओरडून सांगावं की नाही, मला ठरवता येईना. ठरवेपर्यंत ती पुन्हा समोरून गेली आणि त्याचा हात तिच्याबरोबर वळला. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

रेस संपली. मी त्याची गाडी उचलली. सवयीने मोटरीला बोट लावून पाहिलं. गार होती. गाडी घेऊन मी मचाणाशी गेलो.

"कितवा?" कार्बनने विचारलं.

सलूनवाला रिमोटचा पट्टा मानेतून काढायला लागला, तो त्याला निघेना.

सूनच बोलली. "बाबा, तुमची गाडी पहिल्या वळणापुढे गेलीच नाही. पहिल्यापासून तिथेच उभी होती."

"नाही गं. वळणावर जरा अडली, मग लागली की नीट." आणि तो थांबला. त्याने रिमोटचं चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिलं. "मग मी चालवत होतो ती कोणाची?"

"माझी, भाऊ," सलूनवाला म्हणाला. "एक वळण सोडलं, तर सगळी बरोबर घेतलीत."

"आणि ते एक?"

"तिथे मी चुकलो."

सलूनवाल्याला वाटलं होतं, भाऊ हसतील. मलाही वाटलं होतं. कार्बनने रिमोट बंद केला आणि तो सुनेच्या हातात दिला, तोंड मात्र दुसरीकडेच होतं. मग त्याने रिकामा हात जरासा पुढे केला.

"अगं," तो म्हणाला, "पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत?"