छापील लढाई

"बूट काढ आणि पाय दाखव लोकांना," साहेब म्हणाले.

पालघरच्या शाळेचा हॉल गच्च भरला होता. पाकिस्तानशी लढाई नुकतीच थांबली होती आणि सगळ्यांच्या अंगात देशभक्ती संचारली होती. टेबलावर हार, नारळ आणि साहेबांच्या नव्या पुस्तकाचा गठ्ठा. चीनच्या लढाईत आपण डोळ्यांनी काय पाहिलं, ते त्यांनी त्यात लिहिलं होतं. मी बूट काढला. मोजा काढला. डाव्या पायाला बोटं नाहीत, ती बर्फाने नेली. पुढच्या रांगेतल्या एका बाईने आपल्या पोरीचे डोळे झाकले. साहेब म्हणाले, याच्यासारख्यांच्या खांद्याला खांदा लावून मी तो बर्फ तुडवला. टाळ्या पडल्या. मला खुर्ची नव्हती. एक पाय उघडा टाकून मी तसाच उभा, जत्रेत पाच पायांची गाय उभी करतात तसा.

साहेब पालघरच्या मोठ्या घरातले. लढाईत ते अधिकारी होते, हे खरं. पण डोंगराच्या पायथ्याशी, जिथून रसद वर चढते तिथे. वर चढली ती आमची पलटण. बर्फ साहेबांनी दुर्बिणीतून पाहिला असेल तर देव जाणे.

मी बोईसरकडच्या महारवाड्यातला. आम्ही बौद्ध झालो होतो, पण गावाने वाड्याचं नाव काही बदललं नव्हतं. पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा साहेबांनी मला बोलावणं धाडलं. ते ओट्यावर आरामखुर्चीत, मी खाली अंगणात उकिडवा. चहा कान तुटलेल्या कपात. पिऊन झाला की कप मीच विसळायचा आणि कुंपणाजवळ पालथा घालायचा. पलटणीत सगळ्यांच्या पंगतीत जेवलेला माणूस मी. तरी गिळलं. कारण साहेब म्हणाले होते, तुझ्या मित्राचं नाव पुस्तकात राहील. त्या नावासाठी मी तोंड उघडलं.

मित्र तारापूरच्या बाजूचा, मांगेल्यांच्या वस्तीतला. बाप-आजे होडी घेऊन मासेमारीला जाणारे. आमच्या मुलखातले पलटणीत आम्ही दोघंच, म्हणून जोडी जमली. अंगावर सुती कपडे, पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा बर्फ बघितला तेव्हा तो म्हणाला, "बर्फात मासली घालतात. आमाला कशाला घातलाय?" सगळे पोट धरून हसले. मग परत फिरा असा हुकूम आला आणि वाट कुणालाच माहीत नव्हती. चालून चालून आम्ही एका कड्याखाली पाठीला पाठ लावून बसलो, ऊब राहावी म्हणून. थंडी वाजते, एवढंच तो बोलला. उजाडायच्या सुमारास त्याची पाठ जड झाली. मी हाक मारली. तो एका अंगावर कलंडला. गोळी नाही, शत्रू नाही. आम्ही त्याच्यावर दगड रचले आणि पुढे निघालो.

हे सगळं मी साहेबांना सांगितलं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, शेवटी काहीतरी बोलला असेल ना? बोलला ते मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. असं मरण वाचणाऱ्याला झेपत नाही, म्हणाले. मरणाऱ्याला झेपलं का, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आता माईकपुढे ते पुस्तकातलं पान वाचू लागले. पानात माझ्या मित्राचं नाव होतं, पण त्याच्या शेजारी मी नव्हतो. साहेब होते. तो रायफल उचलतो, साहेबांना सलाम ठोकतो आणि एकटा शत्रूवर धावत धुक्यात शिरतो. "त्याला पडताना कुणीही पाहिलं नाही," साहेबांचा आवाज भरून आला. हॉलमध्ये रुमाल निघाले.

पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती. लुगडं-नारळ देऊन सत्कार करायचा म्हणून तिला आणलं होतं. तिच्या वस्तीत एक रीत आहे. समुद्रावर गेलेला माणूस परतला नाही, तर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याने दारात येऊन सांगायचं. तो सांगेपर्यंत घर सुतक धरत नाही, बाईचं कुंकू पुसत नाहीत. सरकारने नुसतं बेपत्ता कळवलं होतं. इस्पितळातून सुटल्यावर कुबडी घेऊन मी तिच्या दारात गेलो आणि सांगितलं. माझ्या शब्दावर त्या घराने सुतक धरलं होतं.

ती उठली. सरळ माझ्याकडे आली. माझा पाय अजून उघडाच होता.

"तू बोललास, 'मी बगितला.' तुज्या बोलण्यावर सुनेच्या बांगड्या मी माज्या हातान फोडल्या. हा सायेब बोलतो कोणी बगितलाच नाय. कोणाचं मानू?"

"आये, मी त्याच्या पाठीला पाठ लावून होतो."

"तुजं बोललेलं हाय. त्याचं छापलेलं हाय."

मी साहेबांकडे वळलो. म्हटलं, तिला खरं काय ते सांगा. त्यांनी माईकवर हात ठेवला आणि हसत हसत हळूच म्हणाले, साहित्यात एवढं चालतं रे, तुला नाही कळायचं. मग म्हणाले, "बूट घाल आता आणि खाली जा."

"नाही घालत. आधी तिला सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घरातल्या माणसाला नाही म्हटलं. दोघा कार्यकर्त्यांनी दंडाला धरून मला बाहेर काढलं. प्यायलाय, असं कुणीतरी म्हणालं. बूट मागून फेकला. आत साहेबांनी पुढचं पान वाचायला घेतलं. मी भिंतीला टेकून रडलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

नंतर मी तिच्या दारात गेलो. चुलीपुढून न उठता तिने तोंड फिरवलं. सुनेच्या हातात पुन्हा बांगड्या होत्या. तिचा पाट लावायचं ठरलं होतं, माणूसही चांगला मिळाला होता. तो पाट मोडला होता. नवरा चीनच्या कैदेत असेल म्हणून एक तरणी बाई जन्मभर उंबऱ्यावर बसणार, कारण एका साहेबाला धुकं आवडलं.

परत फिरलो तेव्हा ती सून माडांपर्यंत मागे आली.

"भाऊ, मला ठाव हाय तुमी खरं बोलता. पन आय छापलेलंच मानंल. तुमी पन छापा."

मी सातवी शिकलेला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू आहे, तिथे फाटकावर पहाऱ्याला बसतो. ड्युटी संपली की लिहितो. एका छापखानेवाल्याने कागद परत केले. म्हणाला, यात लढाई कुठे आहे? मी दुसऱ्याकडे जाणार. त्याने नाही म्हटलं तर तिसऱ्याकडे. तोवर ती म्हातारी वाट बघेल, सून झिजेल, आणि ते थांबवणं माझ्या हातात नाही. माझ्या हातात एवढंच आहे. यापुढे आमच्या माणसांचं मरण मी दुसऱ्या कुणाला लिहू देणार नाही.